दुपारची पावलं

धाकटा दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर उजवीकडे बटणाएवढा गोल तुकडा भादरलेला होता. आत साठलेलं पाणी बाहेर काढायला तिथून नळी घातली होती. नळी काढून बरेच दिवस झाले होते, पण केस काही उगवायचं नाव घेत नव्हते. धाकटा टोपी घालायला तयार नव्हता. म्हणायचा, "राहू दे, लोकांना कळू दे आपलं डोकं उघडून बघितलंय आणि आत काहीतरी सापडलंय."

तो नाटकांना प्रकाश द्यायचा. नाटक मंडळीबरोबर गावोगाव फिरायचा, वर्षातले निम्मे दिवस घराबाहेर. लग्न करायचं राहूनच गेलं होतं. एका तालमीच्या वेळी तो दिव्यांच्या बटणांच्या फळीमागे बसला होता आणि अचानक दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाला, "कुणी मारलं मला?" कुणीच मारलं नव्हतं. मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटला होता. पुढचे कित्येक दिवस ताई दवाखान्याच्या बाकावर बसून होती. तिच्या शिकाऊ लोकांना दुसरं कुणीतरी गाडी शिकवत होतं.

ताईची गाडी शिकवायची शाळा होती. शाळा म्हणजे एक गाडी, गाडीच्या छपरावरची पाटी आणि स्वतः ताई. दुसऱ्याच्या पायाकडे बघत बसणं हाच तिचा धंदा. शिकाऊ माणूस ब्रेक दाबणार की घाबरून भलतंच काहीतरी दाबणार, हे तिला त्याचा गुडघा हलायच्या आत समजायचं. त्यामुळे घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून पडद्यावर मेंदूचा फोटो दाखवला, तेव्हा तिने सरळ विचारलं, "आता पुढे काय होणार ते सांगा."

"फुगा आम्ही आतून तारेनं भरून बंद केलाय. त्याची काळजी करू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बारीक अंगाच्या होत्या. दिवसभर बोलून त्यांचा आवाज बसला होता. "दुसरी गोष्ट आहे. मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि रोज जिरतं. रक्त सांडलं की जिरायच्या जागा बुजतात. बऱ्याच जणांच्या पुन्हा मोकळ्या होतात. काहींच्या होत नाहीत. मग पाणी हळूहळू साठत जातं. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीसुद्धा."

"याचं होईल?"

डॉक्टरीणबाईंनी संगणकात काहीबाही भरलं. वय किती, आणला तेव्हा शुद्ध किती होती, मेंदूच्या पोकळीत रक्त किती उतरलं होतं, नळी किती दिवस ठेवावी लागली. मग म्हणाल्या, "अशा शंभर जणांतल्या पंधरा जणांना होतं."

"म्हणजे हा पंच्याऐंशीतला."

"तसं नाही म्हणता येत. हिशेब शंभर जणांचा आहे. तुमचा भाऊ एकटा आहे." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. चाल, लक्षात राहणं आणि लघवीवरचा ताबा. बहुतेक वेळा आधी चाल बिघडते."

घरी येताना गाडी चालवत ताई मनात म्हणत होती, शंभरात पंधरा. आपल्या शंभर शिकाऊंपैकी पंधरा जण दुभाजकावर चढले असते, तर शाळा कधीच बंद पडली असती.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. पुढची खोली, स्वयंपाकघर आणि या दोन्हींना मागच्या खोलीशी जोडणारा अरुंद पॅसेज. पॅसेजच्या शेवटी न्हाणीघर. मागची खोली एके काळी बाबांची होती. बाबा गेल्यावर तिथे इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा आल्या होत्या. आता त्या हलवून तिथे धाकट्याचा पलंग टाकला. आईच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर मधोमध डाग होता. समोरचं माणूस तिला कडेकडेनंच दिसायचं. त्यामुळे ती कानांनी घर चालवायची. दूध उतू जायच्या आधी तिला ऐकू यायचं, आणि ताईची गाडी कोपऱ्यावर वळली की ती दार उघडून उभी असायची.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. धाकटा खायचा, झोपायचा, आईला नाटकवाल्यांच्या लफड्यांच्या गोष्टी सांगायचा. ताईची मात्र पाळत सुरू होती. सकाळी उठल्या उठल्या ती विचारायची, काल कोण आलं होतं, आज वार कोणता, मामाच्या मुलीचं नाव काय.

"ताई," एकदा तो वैतागून म्हणाला, "मी लायसन्सच्या परीक्षेला बसलोय का?"

पुढेपुढे तो वैतागेनासाही झाला. विचारलं की उत्तर द्यायचा, नाही विचारलं तर गप्प. मंडळी त्याला न घेताच दौऱ्यावर निघाली होती. ताईला वाटलं, मन खट्टू झालंय. कुणाचं होणार नाही?

अशातच एका दुपारी दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात ती जेवायला घरी आली. आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. पुढ्यातल्या चहावर साय धरली होती.

"तुझे बाबा उठलेत," आई म्हणाली.

ताईने पर्स खाली ठेवली. "आई, बाबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"मला सांगतेस? मीच होते ना शेजारी. तरी उठलेत. ऐक."

ताईने ऐकलं. पॅसेजमधून आवाज येत होता. फरशीवरून काहीतरी घासत जायचं, थांबायचं, पुन्हा घासायचं. दोन छोटे, एक लांब. मग कितीतरी वेळ काहीच नाही. हा आवाज तिला तोंडपाठ होता. बाबांची शेवटची तीन-चार वर्षं या घरात दुपारी दुसरा आवाज नव्हता.

ती उठली आणि पॅसेजच्या तोंडाशी गेली. न्हाणीघराच्या दाराशी धाकटा उभा होता, पायात मोजे.

"काय रे? घाबरवलंस ना."

"झोपेत होतो," तो म्हणाला आणि आत गेला.

"धाकटा होता गं," ताई परत येऊन म्हणाली. हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"धाकट्याची पावलं मला ठाऊक नाहीत?" आई म्हणाली. "लहानपणापासून टाचा आपटत चालतो तो. खालचे लोक काठीनं छत ठोकायचे. ही त्याची नाहीत."

ताईने विषय वाढवला नाही. तिला वेगळीच धास्ती वाटली. आईचं वय झालं होतं, वर हे दवाखान्याचं प्रकरण. आता आईचंही डोकं चालेनासं झालं तर? त्या दिवसापासून ती दोघांवर लक्ष ठेवू लागली. धाकट्याला वार विचारायचा, आईला तारीख. दोघंही बरोबर सांगायची. दवाखान्यात फोन केला, तर पलीकडून एकाने अगदी नीट विचारपूस केली. उलट्या? नाहीत. सारखी झोप? दुपारची, थोडीशी. मग ठरलेल्या तारखेलाच या, तेवढ्यात काही वाटलं तर लगेच घेऊन या. ताईने फोन ठेवला आणि पुन्हा ते पंधरा आणि पंच्याऐंशी मनात घोळवत बसली.

पण घराला काहीतरी झालं होतं. दुपारी घरी यायला तिचं मन धजेना. जिन्यातच ती थांबायची, कान द्यायची. वर आवाज नसला तर चढायची. असला तर उगाच खालच्या मजल्यावरच्यांच्या कुंड्या बघत उभी राहायची. आपण कशाला घाबरतोय हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण पावलं बाबांची होती, यात तिला शंका नव्हती.

एकदा अशीच ती दारात आली आणि कुलपात किल्ली फिरवताना तिला आतून आईचा आवाज आला.

"अहो, झोपा ना. किती वेळा सांगायचं? आत्ताच तर जाऊन आलात."

"हो," पुरुषी आवाज आला. सपाट, ओलावा नसलेला.

ताईचा हात किल्लीवर तसाच राहिला. आई बाबांशी बोलत होती आणि बाबा उत्तर देत होते. मग तिने दार ढकललं आणि बूट न काढताच आत धावली.

पॅसेजच्या एका टोकाला आई उभी होती, भिंतीला खांदा टेकून. मधोमध धाकटा. त्याचा एक हात भिंतीवर होता, मान खाली. आईने त्याला अहो म्हटलं होतं आणि त्याला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. तो आपल्या पायांकडे बघत होता, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि त्यांनी हलावं एवढीच त्याची विनंती होती.

"काय झालं रे?" ताईने विचारलं.

"फरशी पाय सोडत नाही, ताई."

हे वाक्य बाबांचं होतं. शब्द न शब्द. याच पॅसेजमध्ये, याच जागी उभं राहून ते म्हणायचे. धाकटा तेव्हा दौऱ्यांवर असायचा, वर्षातून चार दिवस पाहुण्यासारखा यायचा. त्याने ते कधी ऐकलंच नव्हतं. कुणी त्याला सांगितलंही नव्हतं.

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. पायजमा मांडीपासून घोट्यापर्यंत ओला होता. फरशीवर छोटंसं थारोळं.

आईला दिसलं नसणार, पण वास आला. "मुद्दाम करता तुम्ही!" ती ओरडली. आणि ओरडल्याबरोबर तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

मग ताईने भावाच्या बगलेत हात घातला. "चल. कपडे बदल. आपण दवाखान्यात जातोय."

"का?" धाकट्याने विचारलं. उत्तराची त्याने वाट पाहिली नाही.

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला. समजावून सांगायची गरज नव्हती. मेंदूच्या मधल्या काळ्या पोकळ्या पहिल्या फोटोत फुलपाखरासारख्या होत्या. आता त्याच फुगून मेंदूला चहूबाजूंनी कवटीकडे रेटत होत्या.

"पंधरातला निघाला," ताई म्हणाली.

"हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सारवासारव केली नाही. "आज पाठीतून थोडं पाणी काढून बघू. त्यानं चाल सुधारली, तर नळी बसवून फायदा होण्याची आशा धरता येते."

आधी त्याला दवाखान्याच्या लांब वऱ्हांड्यात चालवलं. व्यायाम शिकवणारी मुलगी शेजारून मोबाइलवर चित्रीकरण करत होती. जाणं कसंबसं झालं. वळताना मात्र तो एकाच जागी घड्याळाच्या काट्यासारखा तीळतीळ सरकत राहिला. आई बाकावर बसली होती. तिला घरी ठेवायचं म्हटलं तर ती ऐकेना. पावलं घासायला लागली तशी तिने डोळे मिटून घेतले.

मग त्याला आत नेलं, कुशीवर निजवलं आणि कमरेतून पाणी काढलं. पाणी स्वच्छ होतं, नळाच्या पाण्यासारखं. ताईला वाटलं होतं काहीतरी भयंकर निघेल. एवढ्याशा नितळ पाण्याने माणसाला घरातल्या घरात परकं केलं होतं.

दोन-तीन तास त्याला पडून राहू दिलं. मग तीच मुलगी, तोच वऱ्हांडा. आई त्याच बाकावर. ताई तिच्या शेजारी बसली नाही, तिला बसवेचना. धाकटा उठला, जरा डगमगला, आणि चालू लागला. आधी जपून. मग खट. खट. खट.

"आला," आई म्हणाली. "टाच वाजली."

तो वळला, दोनच पावलांत वळला, आणि त्या मुलीला म्हणाला, "इथला प्रकाश फार वाईट आहे हो. सगळी माणसं आजारी दिसतात."

ताई भिंतीकडे तोंड करून रडली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी दोघींना खोलीत बोलावलं. नळी कायमची बसवायची, मेंदूपासून कातडीखालून पोटापर्यंत, जादाचं पाणी पोटात जिरेल, असं सगळं त्यांनी सांगितलं. ताई प्रश्न विचारत होती. आई ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "डॉक्टरीणबाई, आमच्या ह्यांनाही असंच झालं होतं."

"काय झालं होतं, आजी?"

आईने सांगितलं. एका सकाळी बाबा न्हाणीघरातून डोकं धरून बाहेर आले. असं कधी दुखलं नाही म्हणाले. उलटी झाली. मान हलेना. चौकातल्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. बाबा पडून राहिले आणि मग उठून कामालाही जायला लागले. काही महिन्यांनी चाल बिघडली. मग बोलणं कमी झालं. मग कपडे ओले होऊ लागले. सगळे म्हणाले वय झालं. वय तसं काही फार नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "मी त्यांना पाहिलं नाही. त्यांचा फोटो नाही. त्यामुळे खात्रीनं—"

"खात्री नका देऊ. मी विचारते ते सांगा. त्यांच्या पाठीतून असं पाणी काढलं असतं तर ते चालले असते?"

डॉक्टरीणबाईंनी ताईकडे बघितलं, मग पुन्हा आईकडे.

"कदाचित," त्या म्हणाल्या.

"कदाचित म्हणजे शंभरात किती?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आजी."

आईने मान हलवली. दुकानात वस्तू संपली असं सांगितल्यावर माणूस हलवतो तशी. डॉक्टरीणबाई मग ताईकडे वळल्या. त्यांचा आवाज आणखी खाली आला होता. वडील आणि भाऊ, एकाच घरातल्या दोघांना असा फुगा असण्याची शक्यता आहे. तेव्हा तुम्हीही एकदा तपासून घ्या.

धाकट्याला नळी बसवली. तो पूर्वीसारखा अगदी शंभर टक्के झाला नाही. लवकर थकायचा, कधीकधी ऐन वेळी शब्द सापडायचा नाही आणि "ते हे, ते उजेडाचं" असं काहीतरी म्हणायचा. पण डोक्यापासून पायापर्यंत तो धाकटाच होता. कानामागे कातडीखाली नळीचा उंचवटा लागायचा. आईला तो हात लावू द्यायचा आणि म्हणायचा, "घ्या, घरातच नळ आला." काही महिन्यांनी मंडळी गावात परतली, तेव्हा तो दुपारच्या प्रयोगांना जाऊ लागला.

दुपारी घरात आता शांतता असे. एकदा ताई आली तेव्हा आई स्वयंपाकघरात नव्हती. मागच्या खोलीत, धाकट्याच्या पलंगावर बसली होती. दार सताड उघडं होतं.

"काय गं? बरं नाही?"

"ते येत नाहीत आता," आई म्हणाली.

ताई तिच्या शेजारी बसली.

"मी ओरडायचे ना त्यांच्यावर, तेव्हा ते माझ्याकडे बघायचे नाहीत. खाली बघायचे. मला वाटायचं, लाज वाटते म्हणून. वाटू दे, म्हणायचे मी मनात. निदान लाज तरी आहे." तिने पलंगाच्या चादरीवरून हात फिरवला. "लाज नव्हती गं ती. पाय उचलत होते ते. उचलायचा प्रयत्न करत होते."

"तुला कुठून कळणार होतं, आई? डॉक्टरला कळलं नाही."

"कळायला हवं होतं असं कुठे म्हणतेय मी? पण परत आले होते ना ते. एवढे दिवस दुपारचे येत होते. पुन्हा संधी दिली मला. आणि मी काय केलं? पुन्हा ओरडलेच."

तो धाकटा होता, असं ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. पॅसेज रिकामा होता, आणि ताईच्या ध्यानात आलं, की आपणही कान देऊन बसलोय.

तिने स्वतःची तपासणी करून घेतली. त्या यंत्राच्या लांब बोगद्यात निजून, ठोके आणि खडखडाट ऐकत, डोळे मिटून. तिच्याही डोक्यात एक फुगवटा निघाला. अगदी छोटा, तांदळाच्या दाण्याहून लहान. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला आज हात लावण्यापेक्षा न लावणं बरं. रक्तदाब सांभाळा, आणि दर वर्षी येऊन बघून जात जा. फुटायची शक्यता त्यांनी आकड्यात सांगितली. आकडा लहान होता. ताईने तो ऐकून घेतला आणि लगेच विसरायचा प्रयत्न केला.

धाकट्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी कानामागचा उंचवटा चाचपला. मग म्हणाला, "बाबांची इस्टेट. समान वाटणी झाली म्हणायची."

ती हसली आणि मग त्याच्या दंडावर जोरात चापट मारली. आईलाही त्यांनी सांगून टाकलं. ह्या घरात आता काही लपवायचं नाही, एवढं कुणी न बोलता ठरलं होतं.

काही दिवसांनी वरच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं. त्या घरची बाई ओळख करून घ्यायला खाली आली. चहा झाला, शाळा-कॉलेजची चौकशी झाली, कुणाचे गुडघे दुखतात ते झालं. भिंतीवरच्या फोटोकडे बघून तिने अदबीने विचारलं, "हे तुमचे मिस्टर का? कशानं गेले?"

ताई कप उचलत होती, ती थांबली. आईने मान फोटोच्या बाजूला, जिथून तिला थोडंफार दिसायचं तिथून, वळवली.

"डोक्यात पाणी झालं होतं त्यांच्या," आई म्हणाली. "बरे झाले असते कदाचित. आम्हाला कळलं नाही."

बाई चुकचुकली. आई उठली, चाचपडत कपाटापर्यंत गेली आणि तिच्यासाठी बिस्किटांचा डबा काढू लागली.